पाच घरांचा नेम

आमच्या धाराशिवच्या सोसायटीत सगळे नियम पाळणारं एकच माणूस आहे, तळमजल्यावरच्या मावशी. ओला कचरा वेगळा, चपला रॅकमध्येच, गच्चीवर एक पापड वाळत नाही. नवा नियम लागला की फलकासमोर उभ्या राहतात, अक्षरांखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक ओळीला 'बरं' म्हणतात.

गेल्या महिन्यात मी, सोसायटीचा सचिव, नवा नियम लावला. दारोदार फिरून काहीही मागण्यास वा विकण्यास सक्त मनाई. मावशींनी तो शेवटपर्यंत वाचला, पण 'बरं' काही म्हणाल्या नाहीत.

मंगळवारी सकाळी गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेऊन त्या निघाल्या. दर मंगळवारी देवीच्या नावानं पाच घरी जोगवा मागायचा, हा त्यांचा जुना नेम. नियमही मोडायला नको आणि देवीचा रोषही नको, म्हणून मीच वाटीभर पीठ घेऊन जिन्यात आडवा गेलो.

"मावशी, हे घ्या. वर यायची गरजच नाही."

त्यांनी परडीवर पदर ओढला.

"असं आयतं घेतलं तर जोगवा व्हत न्हाय, सायेब. दारात उभं राहून मागावा लागतो. वर जावा, दार लावून घ्या."

"आणि नियम?"

"वाचलाय की म्या. काय दंड लावायचा तो लावा. पैलं घर तुमचंच हाय."

मी वर गेलो, दार लावलं आणि पिठाची वाटी धरून दारामागंच उभा राहिलो.