देवीच्या माश्या

देवीच्या देवळातल्या माश्या देवीच्याच गुरवाला कशा चावतील? ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षी हा प्रश्न मला आतून पोखरत होता. आमचं गाव जयगडकडचं. देवळाच्या तुळईला मधमाश्यांचं मोठं पोळं लोंबतं. ती देवीची राखण, त्याला कुणी धूर दाखवत नाही. एका सकाळी मी देऊळ झाडत होतो आणि मानेवर डंख बसला. माशी दिसली नाही. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. पुढचं सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन वाचवलं. म्हणाले, "पुढच्या डंखाला इतका वेळ मिळेलच असं नाही."

डंख गांधीलमाशीचा की मधमाशीचा, हे कळायला हवं होतं. गांधीलमाशीची घरटी काढून टाकता आली असती. मधमाशी निघाली तर मात्र माझी पूजा सुटणार होती. कातडीवर विष टोचून बघायला डॉक्टर धजेनात. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशींवर विष घालून बघतात, असं ते म्हणाले. माझ्याऐवजी माझं रक्त डंख सोसणार, या विचारानं मला भरून आलं.

नमुना न्यायला माझा मित्र दत्ताराम तयार झाला. त्याचा मासळीचा धंदा. आमच्याकडून मुंबईला जपून न्यायचं म्हणजे बर्फात घालूनच! त्यानं रक्ताची नळी सरळ बर्फात पुरली. "दादा, सुरमय मुंबयपत्तूर ताजी ऱ्हाते, मग तुमचा रगत नाय ऱ्हाणार?" सगळ्यांना पटलं. मलाही.

मग वाण्याच्या दुकानात त्याचा फोन आला. प्रयोगशाळेतल्या मदतनिसानं त्याला सांगितलं होतं, कुठल्याच विषानं पेशी हलल्या नाहीत. मी देवळाकडे तोंड करून हात जोडले. आई, तुझ्या माश्या निर्दोष गं! दुसऱ्या सकाळी केरसुणी घेऊन निघालो, पाय जमिनीला लागत नव्हते. आतून पोळ्याची गुणगुण येत होती, कुणी अंगाई म्हणावी तशी. पायरीवर पाय ठेवला आणि मागून बायको धावत आली. ती कधी धावत नाही.

"आवो, थांबा! आत जाव नका! मुंबयच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आलाय!"

प्रयोगशाळेतल्या त्या बाईंनी मला कधी पाहिलंही नव्हतं. ज्या औषधानं बहुतेक कुणाच्याही पेशी हलतात, त्यानंही माझ्या हलल्या नाहीत, म्हणून त्यांना शंका आली. दत्तारामला विचारल्यावर बर्फाचा उलगडा झाला. बर्फात गारठून रक्तातल्या पेशी मेल्या होत्या, मेलेल्या पेशी काय सांगणार? तो निकाल खरा धरू नका, असं त्यांनी तातडीनं कळवलं. मी पायरीवरच बसून ढसाढसा रडलो.

पुढे मी स्वतः मुंबईला जाऊन ताजं रक्त दिलं. गांधीलमाशीच्या विषाला पेशी गप्प राहिल्या, मधमाशीच्या विषाला खवळल्या. बाईंनी हे अगदी हळू आवाजात सांगितलं. मी कोसळेन असं वाटलं होतं. पण त्या पांढऱ्या खोलीत गाभाऱ्यासारखी शांतता होती, आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवून उभं आहे असं मला सारखं वाटत राहिलं.

आता दिवा बायको लावते. मी लांब, माडाखाली उभा राहून हात जोडतो. देवीनं दूर लोटलं म्हणून सुरुवातीला फार जीव तुटायचा. पण दिवा माझ्यावाचून रोज लागतो. तिला माझी सेवा नको होती, मी जिवंत हवा होतो.