काचेपलीकडचा निवृत्ती

निवृत्तीला मी शेवटचं पाहिलं ते काचेतून. फुफ्फुसांत संसर्ग झालेला, त्यामुळे दवाखान्यात कोणालाच आत सोडत नव्हते. तो पलंगावर उशीला टेकून बसलेला, मी बाहेर व्हरांड्यात. मला बघून त्यानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि काहीतरी बोलला. एखाददुसरा शब्द नव्हे, चांगलं लांबलचक वाक्य होतं. ओठ हलताना दिसले, ऐकू काहीच आलं नाही. सिस्टर धावत आली. मी घाईघाईनं मान हलवली, सगळं कळल्यासारखी... दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, घाटावरून परतताना मला विचारलं, "भावजी, तुमच्याशी काय बोलले हो?" आणि मी ठोकून दिलं, "काळजी करू नका म्हणाला." त्यानंतर सात आठवडे मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. तोंड दाखवायची हिंमतच नव्हती.

आम्ही दोघं नव्वद सालच्या आसपास ओझर रस्त्यावरच्या एका शाळेत एकाच महिन्यात लागलो. मी मराठीचा, तो विज्ञानाचा. तो देवळ्याकडचा, घरची कांद्याची शेती. बोलताना रंगात आला की शहरी भाषा बाजूला ठेवायचा. माझं विज्ञान नववीतच संपलेलं, पण एक शंका मला छळायची आणि मी ती त्याच्यामागे लावून दिली होती. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये काहीच नाही, तर प्रकाशाची लाट कशाची? पाण्याची लाट पाण्यात उठते. रिकाम्या जागेत हलणार काय? "तुला ना, सगळ्याला कर्ता लागतो," म्हणून तो हसण्यावारी न्यायचा. पण प्रश्न त्यालाही डाचत असावा.

शाळेत एक जुनी काचेची हंडी होती आणि तिच्यातली हवा काढायचा हातपंप. दरवर्षी निवृत्ती तिच्या काठाला व्हॅसलीन चोपडायचा, आत स्पंजवर विजेची घंटी ठेवायचा आणि पोरांना पंप मारायला लावायचा. हवा कमी होत गेली की घंटीचा आवाज विरत जायचा, पण टोला पडताना दिसत राहायचा. एका वर्षी त्याला हुक्की आली. सामन्याचे दिवस होते. त्यानं घंटीऐवजी खिशातला ट्रान्झिस्टर हंडीत ठेवला, समालोचन चालू केलं आणि छाती पुढं काढून सांगितलं, "घंटी गप्प होते, पण रेडिओ वाजत राहणार. रेडिओच्या लाटांना हवा लागतच नाही!" मी मुद्दाम तास सोडून बघायला गेलो होतो. पंप सुरू झाला. समालोचक दूर दूर जात पार गायब झाला.

"सर, बॅटरी गेली!" एक जण ओरडला. "बॅटरी नाय, सरच आऊट झाले!" दुसरा म्हणाला, आणि वर्गात हशा पिकला.

निवृत्तीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तो हंडीला नाक लावून बघत राहिला. स्टेशन नीट लागलं की त्या ट्रान्झिस्टरवर एक लाल दिवा पेटायचा. तो चालूच होता. मग हा बाबा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. "आरं, लाट आत पोचतीय! दिव्याचा उजेडबी बाहेर येतोय. फक्त बिचाऱ्याचा आवाज येऊ शकत नाय. मीच येडा!" पुढे दरवर्षी त्यानं हा फजितीचा किस्सा नव्या वर्गाला स्वतः सांगितला. चूक अशी मिरवणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

माझ्या शंकेचं उत्तर त्यानं त्याच दिवशी, घरी जाताना बसमध्ये दिलं. म्हणाला, "कांद्याच्या गोण्या हातोहात ट्रकपर्यंत जातात ना, तसा आवाज. मधला गडी बाजूला झाला की गोणी तिथंच. प्रकाशाला गडी लागत नाहीत. विजेचा जोर बदलला की चुंबकाचा उठतो, तो बदलला की पुन्हा विजेचा. दोघं एकमेकांना उठवत पुढं जातात, मध्ये काही नसलं तरी." मला अर्धंच कळलं. मी मान हलवली. त्यानं ताबडतोब पकडलं, "कळलं नाय ना? खोटी मान हलवू नको." तेव्हापासून त्याच्यासमोर मी खोटी मान हलवली नाही. वीस वर्षं. आणि शेवटी नेमकी तीच हलवली, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा अखेर गेलो. पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत त्याची खुर्ची खिडकीशीच होती. वहिनींनी पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच बोललो, "वहिनी, मी थाप मारली. तो काय म्हणाला मला ऐकूच आलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "काळजी करू नका असं ते जन्मात कुणाला म्हणाले नाहीत. त्याच दिवशी सकाळी माझ्याशीही बोलले होते काचेतून. मलाही नाही कळलं... मीपण मान हलवली."

मी पेला खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही मान हलवल्यावर हसले का हो?"

हसला होता. गालात, मास्क परत लावता लावता. इतक्या दिवसांत हे मला आठवलंच नव्हतं.

"माझ्याकडे बघूनही हसले," वहिनी म्हणाल्या. "आपल्याला त्यांचं ऐकू आलं नाही, पण त्यांना आपण दिसलो."

बरोबर आहे त्यांचं. निवृत्तीनंही याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते. खोटी मान ओळखूनच हसला असेल तो, लबाड... पण मला त्याचा आवाज हवा आहे.