बकुळीची फांदी आणि दरोगासाहेब

सरकारी नियम आणि माणसाचं अंगण यांची गाठ पडली की किस्से आपोआप उगवतात, पेरावे लागत नाहीत! मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेत कारकून होतो. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि अंगणाचे नवे नियम आले होते. गवत वीतभर, कुंपण कमरेएवढं आणि भिंतीबाहेर एकही फांदी नको. ते राबवायचे आमच्या सफाई दरोगा नरहररावांनी. बिचारे अजून हंगामी. "पोळ्याच्या आत सगळं गाव नियमात बसवा, तरच नोकरी पक्की," असं चीफ ऑफिसरनी बजावलेलं. घरात खाणारी सात तोंडं. मला त्यांची फार काळजी वाटायची.

*

पहिलंच घर कुशाबा पैलवानाचं. अंगणातलं गवत वाऱ्यावर असं डुलत होतं की बघत उभं राहावं! दरोगासाहेबांनी वीत लावली. "चार बोटं जास्त हाय!"

पैलवान शांतपणे खाली बसला आणि त्यानं आपला पंजा पसरला. "माझ्या अंगणात माझी वीत धरा की साहेब!"

गवत नियमात बसलं.

*

नोटीस दारालाच चिकटवायची, असा कायदा. आम्ही गव्हाच्या पिठाची खळ लावायचो. केरबा धनगराच्या दारावर तीनदा नोटीस लावली, तिन्ही वेळा गायब! दरोगासाहेब तापले. "नोटीस मिळाली का न्हाई तुला?"

केरबानं दाराशी रवंथ करत बसलेल्या शेळीकडं बोट दाखवलं. "मला न्हाई, तिला मिळाली. अजून वाचायलीय."

*

एका वकीलसाहेबांचा तक्रार अर्ज आला. शेजाऱ्याची रातराणी कुंपण ओलांडून वास सोडते, बंदोबस्त व्हावा. दरोगासाहेब संध्याकाळी जाऊन तिथं बसले. खूप वेळ बसले. रिपोर्ट मी स्वतः फाईलला लावला आहे: "कुंपण कमरेएवढेच आहे. वास त्याहून उंच आहे. पकडता आला नाही."

*

वालूरहून आलेल्या एका मास्तरणीबाईंच्या कडुलिंबाची फांदी रस्त्यावर आली होती. भर दुपार. बाई म्हणाल्या, "गडी येईपर्यंत टेका जरा." दरोगासाहेब सावलीत टेकले आणि जागे झाले ते उन्हं उतरल्यावर! गडी येऊन गेला होता, फांदी जागच्या जागी.

"बाई, तोडली का न्हाई?"

"कशी तोडणार? तुमच्या तोंडावर ऊन आलं असतं की!"

दुसऱ्या दिवशी मात्र फांदी पडेपर्यंत ते उभ्यानंच थांबले.

*

शेवटी गावात एकच फांदी उरली. भास्कर गुरुजींच्या बकुळीची. गुरुजींची दृष्टी गेलेली. तरी रोज दिवेलागणीला देवळातून अनवाणी, एकटे परतायचे. गल्लीतली घरं सगळी एकासारखी एक. पायाखाली बकुळीची फुलं लागली की उजवीकडं वळायचं, की आलं आपलं घर! कुणाचा हात धरावा लागत नाही, एवढाच त्यांचा अभिमान.

उद्यावर पोळा आलेला. दरोगासाहेब करवत घेऊन गेले, मी रजिस्टर घेऊन. त्यांचा हात काही चालेना. गुरुजीच म्हणाले, "तोडा दरोगा. लेकरंबाळं हायत तुमाला."

फांदी पडली. दरोगासाहेबांची नोकरी पक्की झाली.

आता गुरुजी चुकणार, असं सगळी गल्ली म्हणत होती. पण पहिले पाच-सहा दिवस ते आले आणि बरोबर आपल्याच दारात वळले! आठवड्यानं दिवेलागणीला मी तिथून चाललो होतो. बघतो तर दरोगासाहेब भिंतीला चिकटून, श्वास रोखून उभे. हातात रिकामी टोपी, उलटी धरलेली. गुरुजी आले. फुलांवर पाय पडताच थांबले आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले,

"दरोगा, काल तुमी फुलं एक घर अलीकडं टाकली. मी शेजाऱ्याच्या पाटावर बसून जेवून आलो!"