काळी गोटी

आमचे हे फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुमंडळाच्या लॉजचे, म्हणजे शाखेचे, मुख्य झाले, त्या वर्षी घरात त्यांच्या विधीत कमरेला बांधायचा, कोकराच्या कातड्याचा एक पांढरा एप्रन आला. एरवी चामड्याचं पाकीट स्वयंपाकघरात नेलं तर हे घर डोक्यावर घेत. हा एप्रन मात्र माझ्या शालूशेजारी कपाटात. लॉज पुण्याला, लष्कर भागात. चिंचवडातल्या आमच्या शेजारणी त्या इमारतीला भुताचा बंगला म्हणत आणि आत कवटी असते का हो, असं मला विचारत. कवटीचं मला काही वाटत नव्हतं. मला शिसारी यायची ती ह्यांच्या भाषणांची.

आरशासमोर उभं राहून ते पाठ करत: लॉजच्या दारात जात, धर्म, हुद्दा सगळं गळून पडतं, आत सगळे भाऊ. खोटं कशाला बोलू, कामंही केली. थेरगावात चष्मे वाटले, वारलेल्या सभासदांच्या मुलांच्या शाळा सुटू दिल्या नाहीत. लोक पाया पडत आणि हे डोळे मिटून पडू देत.

कासारवाडीला मुंबई रस्त्यावर एका मुसलमान मिस्त्रीचं मोठं गॅरेज होतं. आमची जुनी मोटार त्याच्याच जिवावर चालायची. चष्मेवाटपाच्या वेळी त्याने ह्यांचं भाषण ऐकलं आणि बिचाऱ्याला ते खरं वाटलं. पुढे एकदा गाडी दुरुस्त करताना बॉनेटखालून डोकं काढून त्याने विचारलं, "साहेब, मला घ्याल का तुमच्यात?" मी मागच्या सीटवर बसले होते. हे म्हणाले, "का नाही? मी स्वतः नाव सुचवतो." सुचवलंही. मिस्त्रीने लॉजमध्ये घालायला काळा कोट शिवून घेतला आणि मोहल्ल्यात, गिऱ्हाइकांत सगळीकडे सांगून टाकलं.

नव्या माणसाला घ्यायचं की नाही हे ठरवायला सभासद एका पेटीत गुपचूप गोट्या टाकत. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. एक काळी निघाली तरी माणूस बाद, आणि ती कोणी टाकली हे विचारायचं नाही. मिस्त्रीच्या वेळी एकच निघाली.

दुसऱ्या दिवशी जेवताना भातावर तूप घालून घेत हे म्हणाले, "मीच टाकली."

माझा हात थांबला.

"अगं, तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी पडलो भिडस्त. आणि उद्या तो चारचौघांत मला 'ब्रदर' म्हणाला असता! वाढ ना."

वर हसले. लॉजमध्ये एक म्हातारा इंग्रज होता, त्याच्यासकट बाकी सगळ्यांनी पांढऱ्या टाकल्या होत्या. मला त्या तुपकट बोटांची, त्या मिटक्यांची, त्या हसण्याची किळस आली. तरी वाढलं मी. दोन वेळा वाढलं.

रविवारी सकाळी मिस्त्री दारात उभा. नेहमीचाच सदरा, हात मात्र घासूनपुसून धुतलेले. हे अंघोळीला गेले होते. मला वाटलं, जाब विचारायला आलाय. तर म्हणतो कसा, "साहेब बरे आहेत ना? माझ्यापायी त्यांना सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं. वहिनी, त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. एक कोणीतरी वैरी निघाला, त्याला साहेब काय करणार?"

न्हाणीघरातून ह्यांचं स्तोत्र खणखणीत ऐकू येत होतं. माझ्याने राहवेना.

"तो वैरी आत अंघोळ करतोय," मी म्हटलं.

आता हा चिडेल, चार शिव्या हासडेल, आणि माझ्या पोटातली मळमळ एकदाची बसेल, असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. न्हाणीघराच्या दाराकडे बघत राहिला, मग खाली मान घालून म्हणाला, "हे मला कशाला सांगितलंत, वहिनी? कोण कुठला अनोळखी माणूस असेल, म्हणून मी सोडून दिलं होतं. आता साहेबांची गाडी रस्त्यात बंद पडली, तर मी जायचं की नाही?"

इतक्या दिवसांचं पोटातलं मी ओकून टाकलं होतं, ते नेमकं त्याच्या अंगावर. "चहा टाकते," एवढंच मी म्हणाले. तो थांबला नाही.