अहवाल प्रलंबित

सत्तरच्या दशकातला तो एप्रिल मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा सांगलीत फौजदार होतो. अंगावर वर्दी नवी होती आणि अनुभव बेताचा. एका शनिवारी सकाळी एक वयस्क ख्रिस्ती बाई ठाण्यात आल्या. त्यांचे यजमान, निवृत्त शाळामास्तर, वय बाहत्तर, शुक्रवारी पहाटे घरातून गेले ते परतलेच नव्हते.

"कुठे जातो म्हणाले?"

"चर्चच्या मंडळीच्या कामाला, एवढंच. सेशनमधलं घरी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम. एकेचाळीस वर्षांत मीही कधी विचारलं नाही."

सेशन म्हणजे काय, हे मला हवालदारानं सांगितलं. हे लोक प्रेस्बिटेरियन. त्यांच्यात पाळकसाहेब एकटे काही ठरवत नाहीत. मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, पाच 'वडील' निवडते, ते आणि पाळक मिळून सेशन. साधा पाण्याचा माठ घ्यायचा तरी सूचक लागतो, अनुमोदक लागतो आणि इतिवृत्तात नोंद होते. मास्तर त्या पाचांपैकी एक होते.

बेपत्ता नोंद केली. दवाखाने, एसटी स्टँड, नदीचा घाट, सगळीकडे माणसं पाठवली. नदीवर काही सापडलं नाही असं शिपायानं येऊन सांगेपर्यंत मला खुर्चीत बसवेना. ऊन असं होतं की बाहत्तर वर्षांच्या माणसाला रस्त्यात चक्कर येऊन पडायला दुपारसुद्धा लागली नसती.

संध्याकाळी खबर आली. चर्चसमोरचा पानवाला हवालदाराला म्हणाला, "मास्तराचं आन् कंपाउंडरचं खिडकीवरनं लय वाजलं हुतं. मास्तर म्हनलं, एक तर खिडकी ऱ्हाईल न्हाईतर मी ऱ्हाईन."

कंपाउंडर हेही वडीलच. दवाखान्यातून निवृत्त झालेले. उपासनेत सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. पहिले दोन बाक कायम रिकामे, तिसऱ्यापासून माणसं. मास्तर आणि कंपाउंडर बावीस वर्षं एकाच बाकावर, खिडकीशेजारी. मास्तरांना वारा सोसत नसे, कंपाउंडरांना वाऱ्याशिवाय प्रवचन सोसत नसे.

रविवारी सकाळी सातला मी कंपाउंडरांना ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा कोट घालून आले, सलाम केला, ताठ बसले.

"गेल्या बैठकीत तुमचं काय भांडण झालं?"

"तो सेशनचा विषय आहे. सेशनच्या परवानगीशिवाय बाहेर सांगता येत नाही."

"माणूस दोन दिवस बेपत्ता आहे."

"मला झोप नाही, साहेब. पण शब्द दिलेला आहे."

मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. ते खाली बघत राहिले, कपाळावरचा घाम टिपत राहिले. हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, ह्यो बोलायचा न्हाई. आन् जो बोलत न्हाई त्येच्या पोटात कायतरी असतंय." मलाही तसंच वाटत होतं. वरिष्ठांचा दोनदा फोन येऊन गेला होता. दोन तास असे गेले.

शेवटी मी चर्च गाठलं. उपासना नुकतीच संपली होती. पाळक तरुण होते, नवीन आलेले. मी इतिवृत्ताची वही मागितली.

"देतो, पण सेशनचा ठराव लागेल," ते ओशाळून म्हणाले. "आणि साहेब, चार वडील असल्याशिवाय गणसंख्या होत नाही. मास्तर बेपत्ता आहेत, आणि एक तुमच्याकडे आहेत."

म्हणजे संशयिताला आणल्याशिवाय त्याच्याविरुद्धचा पुरावा मिळणार नव्हता. वही जप्त करता आली असती, पण त्यासाठी पंच, पंचनामा, आणि चर्चमध्ये जमलेल्या सगळ्या लोकांचा रोष. मी जीप पाठवून कंपाउंडरांना बोलावलं. प्रार्थना झाली. एकानं सूचना मांडली, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. तिसऱ्यानं दुरुस्ती सुचवली की 'वही दाखवावी' ऐवजी 'वही सादर करावी' असं लिहावं. दुरुस्तीवर मतदान झालं. मी दाराशी उभा राहून घड्याळ बघत होतो, आणि नदीवर पुन्हा पाठवलेला शिपाई काय निरोप आणेल या धास्तीनं रस्त्याकडेही.

वही हातात आली. खिडकीचं भांडण अर्ध्या पानावर होतं. ठराव: प्रवचनापर्यंत खिडकी बंद, प्रवचन सुरू होताच उघडी. दोघांनीही मान्य करून सह्या केल्या होत्या. माझा संशय तिथेच गळून पडला. पण आता हातात काहीच उरलं नव्हतं.

मी मागची पानं चाळू लागलो. प्रत्येक बैठकीच्या शेवटी तीच ओळ: 'जुन्या प्रार्थनाघराची पाहणी समिती. अहवाल प्रलंबित.' नऊ वर्षं तीच ओळ. शेवटच्या बैठकीत मात्र पाळकांनी पुढे लिहिलं होतं, 'पुढील बैठकीपूर्वी अहवाल यावा.'

"पुढची बैठक कधी?"

"उद्या," पाळक म्हणाले.

"समितीत कोण आहे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ती ओळ कुणी ऐकतच नसे. कंपाउंडर हळूच म्हणाले, "तिघं होते. एक वारले, एक मुलीकडे पुण्याला गेले." मग ते उभेच राहिले. "तिसरे मास्तर."

प्रार्थनाघर वडूजच्या अलीकडे माळावर होतं, कित्येक वर्षं बंद पडलेलं. वडूज ठाण्याला ट्रंक कॉल लावला, लाईन मिळेना. हवालदाराला फोनपाशी बसवून मी जीप काढली. वाट कंपाउंडरांनाच माहीत होती, म्हणून ते शेजारी बसले. विट्याच्या पुढे दोन्हीकडे तापलेला माळ, झाडाचं नाव नाही. ते ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होते. मध्येच म्हणाले, "खिडकी बंदच ठेवायला हवी होती मी." मी जीपचा वेग वाढवला.

वस्तीवरच्या एका शेतकऱ्यानं सांगितलं, "व्हय, शुक्करवारी एक म्हातारं आलं हुतं टोपी घालून. आमाला वाटलं गेलं आसंल माघारी."

प्रार्थनाघराचं दार आतून ढिगाऱ्यानं अडलं होतं. आम्ही खांदे लावले. छपराचा एक वासा खाली आला होता आणि मास्तर त्याच्या खाली, पाय अडकलेला, पाठ भिंतीला टेकलेली. डोळे मिटलेले. कंपाउंडर माझ्याआधी पोहोचले आणि त्यांनी मनगट धरलं. तो क्षण मला फार लांब वाटला.

"नाडी लागतेय," ते म्हणाले आणि रडू लागले.

मास्तरांनी डोळे उघडले. सोबत नेलेल्या बाटलीतलं पाणी त्यांनी दर तासाला एक टोपण या हिशेबानं पुरवलं होतं. ओठ फुटले होते. आधी माझ्याकडे, मग कंपाउंडरांकडे बघून ते अडखळत म्हणाले, "अहवाल तयार आहे. छपराचं काम तातडीचं आहे."

मी हसलो, आणि हसता हसता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पाय मोडला होता, पण वाचले. तीन महिन्यांनी काठी टेकत उपासनेला जाऊ लागले.

मास्तर सापडले त्याच आठवड्यात मी कंपाउंडरांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही घाबरला होता, साहेब. मीही घाबरलो होतो. आपल्या घाबरण्याच्या तऱ्हा वेगळ्या."

त्या दिवसापर्यंत मी समजत होतो की गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो. काही माणसं केवळ शब्द पाळत असतात, हे मला तिथे कळलं. पुढे नोकरीत समोरचा गप्प बसला की मी आधी त्याला पाणी देई आणि विचारी, "कुणाला शब्द दिलाय का?" त्यातले निम्मे चक्क खोटारडे निघाले, ते सोडा. उरलेल्यांवर मी हात आपटला नाही, याचं आता घरी बसल्यावर बरं वाटतं.