रंगुबाईचा डावा डोळा

"डोळा आपला केर आपणच धुऊन काढतो," असं रंगुबाई येईल त्याला सांगायची. सांगता सांगता त्याची मान मागं टेकवायची, पापणी उलटायची आणि जिभेच्या शेंड्यानं कुसळ अलगद टिपून घ्यायची. मग चूळ भरून पुढच्याला बोलवायची. जामखेडकडच्या आमच्या गावात ज्वारीची मळणी लागली, की तिच्या ओट्यावर डोळा धरून बसलेली माणसं ठरलेली.

अशाच एका मळणीत तिच्या डाव्या डोळ्यावर, कानाच्या अंगाला सूज आली. कुसळ अडकलं असेल, पाण्यासंगं येईल बाहेर, असंच ती धरून बसली. कपाळात सणका उठे, तरी तेच. सून जयमाला एकदा म्हणाली, "आत्याबाई, साऱ्या गावाचे डोळे तुमी चाटले. आता तुमचा कुणी चाटायचा?"

रंगुबाई हसली आणि डोळ्यात मध घालून पडून राहिली. पुढच्या सुगीपर्यंत बुबुळ खाली सरकलं, डोळा खोबणीबाहेर आला.

मग मुलगा वैजनाथ तिला नगरला आणि तिथून पुण्याला घेऊन गेला. तुकडा काढून तपासला. डोळ्याच्या वर त्यातलं पाणी तयार करणारी ग्रंथी असते, तिचाच कॅन्सर निघाला. असा फार थोड्यांना होतो, म्हणे. तो नसेला धरून मेंदूकडं चालत जातो. कपाळ दुखायचं ते त्याचंच. डोळा खोबणीसकट काढायचा आणि नंतर लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायची, असं ठरलं. डॉक्टरांनी वैजनाथला बाजूला घेऊन आणखी सांगितलं. नस कवटीत शिरते तिथंही डाग दिसतोय, तिथवर सुरी पोचायची नाही. लाईटनं थोपलं तर थोपलं.

वैजनाथनं आईला फक्त डोळ्याचं सांगितलं.

ऑपरेशनच्या सकाळी तिनं बांगड्या उतरवून त्याच्या हातात दिल्या.

"मुळापतूर निघंल का रं?"

"निघंल, आई."

तिनं त्याची मूठ बांगड्यांवर मिटवली.

"तुला खोटं बोलाय कवाच जमलं न्हाई," ती म्हणाली. "पर बोललास, बरं केलंस."

नर्सनं चाकाची खुर्ची आणली होती. पाय धड हायेत माझे, म्हणत रंगुबाईनं ती मागं सारली. डावीकडचं दिसत नव्हतं, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला हात लावत ती निघाली. हिरवा झगा पायात येत होता, तो एका हातानं उचलून धरलेला. वैजनाथ बांगड्या मुठीत धरून उभा होता. तिनं मागं पाहिलं नाही. दार मिटलं तरी तो तिकडंच बघत राहिला.