बोंबील जोडीनेच टांगणार

मैत्रिणींनो, आज बोईसरहून भाची आली. माझ्या आईवर मी घरीच करतेय ती छोटी ॲनिमेशन फिल्म तिला दाखवली. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एकेक चित्र हाताने काढते.

"मावशी, कशाला डोळे फोडतेस? एआयला सांग, दोन मिनिटांत करून देईल."

तिने करूनही दाखवलं. त्यात आई बोंबील वाळत घालत होती, एकेक सुटा, शेपटीला चिमटा लावून, कपड्यांसारखा.

भाचीला सांगितलं, आमच्या मुरबे गावात बोंबील जोडीने टांगतात, जबड्यात जबडा अडकवून. आईची बोटं ते न बघता करायची.

"एवढं कोण बघतंय? बोंबील हाय ना, झालं."

"मी बघतेय," म्हटलं.

सॉफ्टवेअर बदलणार नाही. तुमच्या आईचे हात कुणी असे चुकीचे दाखवले, तर तुम्ही चालवून घ्याल?